व्होल्ट कुठे मुरतात?
पाना-पक्कड : साप्ताहिक सदर – ‘मिस्त्री’

जुनी स्पोर्ट्स कार चावी फिरवूनही गप्प राहिली की हौशी मालकांचा एक क्रम ठरलेला असतो. आधी बॅटरी नवी, मग सॉलेनॉइड, मग अख्खा सेल्फ, आणि तरीही काही होईना तर कॉइल आणि प्लग. ‘एमजीबी’च्या बाबतीत हा क्रम फारच फोफावला, कारण हिचे सुटे भाग मुबलक. १९६२ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून जास्त निघाल्या. १९८८ पासून तर ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ने तिचा बॉडीशेलसुद्धा नव्याने बनवायला घेतला. जिचा सांगाडाही विकत मिळतो, तिच्या सेल्फसाठी कोण डोकं खाजवत बसणार? पण माझ्या मते या सुबत्तेनेच निदानाची सवय मोडली. एमजीबी सेल्फला दाद देत नसेल तर दोष बहुतेकदा भागात नसतो. तो भागांना जोडणाऱ्या सांध्यांत असतो, आणि सांध्याचा दोष भार पडलेला असताना मोजल्याशिवाय हाती लागत नाही. हे मोजण्याचं काम घरी, आपल्या वेळाने, गॅरेजपेक्षा चांगलं होतं.

याचं कारण साध्या गणितात आहे. इंजिन फिरवताना सेल्फ दीडशे अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचतो. पहिल्या झटक्याला त्याच्या दुपटीहूनही जास्त. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत कुठल्याशा गंजलेल्या क्लॅम्पने एक शतांश ओहम रोध उभा केला, तरी दीड व्होल्ट तिथल्या तिथे मुरतात आणि सव्वादोनशे वॉट नुसत्या उष्णतेत जातात. सेल्फ चालवून लगेच एखादा जोड हाताला गरम लागला तर ती उष्णता हीच. आता त्याच जोडातून हेडलाइटचे आठ-नऊ अँपिअर जाऊ द्या. शतांश ओहमवर व्होल्टचा दहावा भागही गळत नाही, दिवे लख्ख लागतात. ‘दिवे तर नीट लागतायत, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. टेस्टलॅम्पचंही तेच, कारण त्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. मल्टिमीटर ओहमवर लावून केबल तपासणं त्याहून फसवं. मीटर त्या केबलमधून जेमतेम काही मिलिअँपिअर सोडतो, आणि शंभर तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी शून्य दाखवून मोकळा होतो.

एमजीबीची रचना या गळतीला पुरती अनुकूल आहे. १९७४ च्या सुमारापर्यंत तिच्यात बारा व्होल्टची एक बॅटरी नव्हतीच. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटांच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या दोन बाजूंना, जमिनीखाली टांगलेल्या पाळण्यांत बसवलेल्या. म्हणजे दोन पोस्टऐवजी चार, मध्ये त्यांना जोडणारी आणखी एक केबल, आणि खालून रस्त्याचं पाणी-चिखल. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पोस्टवर टोपीसारखं बसणारं टर्मिनल वरून एका स्क्रूने धरलेलं असायचं. ते घट्ट वाटतं, पण आत शिशावर राखाडी थर चढलेला असतो. सेल्फ मात्र पुढे, इंजिनच्या कुशीत, त्यामुळे केबल जवळजवळ अख्ख्या गाडीची लांबी तोडून जाते. परतीची वाट तर मालकांच्या ध्यानातही नसते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही. बॉडी आणि इंजिन-गिअरबॉक्स यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, हीच त्या शेकडो अँपिअरची घरी जायची वाट. इंजिन काढून परत बसवताना ती विसरली गेली की प्रवाह मिळेल त्या धातूतून, अगदी चोकच्या केबलमधूनही परततो, आणि डॅशबोर्डखालून धूर निघाला की मालक सेल्फला शिव्या घालतो. आपल्याकडचा जुना वायरमन गाडीजवळ येताच ‘अर्थिंग बघा आधी’ म्हणतो, ते उगाच नव्हे.

तपासाची सुरुवात विश्रांतीतल्या बॅटरीपासून. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास असते. १२ वर आली म्हणजे जवळजवळ रिकामी. दोन बॅटऱ्यांच्या गाडीत दोन्ही स्वतंत्र मोजाव्यात, नाहीतर एकीची ताकद दुसरीचा अशक्तपणा झाकते. मग कॉइलची पांढरी वायर काढून ठेवायची, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या पोस्टवर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या पोस्टवरच) आणि दुसरं सेल्फच्या मोटरच्या टर्मिनलवर धरून सोबत्याला चार-पाच सेकंद चावी मारायला सांगायचं. या अख्ख्या वाटेत साधारण अर्ध्या व्होल्टपर्यंत घट चालते. तसंच अर्थच्या बाजूला, इंजिनच्या उघड्या धातूपासून बॅटरीच्या अर्थ पोस्टपर्यंत. तिथे पाव व्होल्टच्या वर गेलं की संशय घ्यावा. आकडा मोठा आला तर एक टोक जोडामागून जोड सरकवत न्यायचं. ज्या जोडापाशी आकडा उडी मारतो तो उघडायचा, चकचकीत घासायचा, घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावायची. शेदोनशे रुपयांचा मीटर आणि एक तारेचा ब्रश, एवढ्यावर हे सगळं होतं.

मीटर येईपर्यंत कानही बरंच सांगतात. चावी मारल्यावर टकटकटक असा सॉलेनॉइडचा तडतडाट आला तर व्होल्टेज कोसळतंय: सॉलेनॉइड ओढलं जातं, मोटरचा भार पडतो, व्होल्टेज बसतं, सॉलेनॉइड सुटतं, व्होल्टेज सावरतं आणि पुन्हा तेच. एकच ठोस ‘टक्’ आला आणि त्या वेळी हेडलाइट जराही मंदावले नाहीत, तर ती मोलाची खूण. एमजीबीत दिव्यांचा पुरवठा सॉलेनॉइडच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवरूनच निघतो. म्हणजे या वेळचा अडथळा बॅटरीपासून तिथपर्यंतच्या केबलचा नाही, तो सॉलेनॉइडच्या जळक्या कॉन्टॅक्टांत, मोटरमध्ये किंवा त्या विणलेल्या पट्टीत आहे. दिवेच विझले तर अडचण मागे, बॅटरीच्या पोस्टजवळ. काहीच आवाज नाही, तर चावीच्या स्विचकडून येणारी पांढरी-तांबडी वायर आणि तिचे जोड बघावेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘लुकासचा माल आहे, तो असाच.’ या गाड्यांचं विजेचं सामान पुरवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ ठरवणारा विनोद इंग्लंडात अनेक वर्षं चालत आला आहे. विनोद झकास आहे, निदान म्हणून निरुपयोगी. लुकासच्या वायरिंगचे खरे दोष दाखवता येतात: बुलेट कनेक्टरच्या रबरी नळीला पाण्यापासून आडोसा नाही, आणि सुरुवातीच्या एमजीबीत अख्ख्या गाडीला दोनच फ्यूज. पण मोटारकंपनीने जेवढे पैसे मोजले तेवढा माल लुकासने दिला, ही बाजूही धरायला हवी. आणि पन्नास वर्षं इंग्लंडच्या दमट हवेत काढलेला कोणताही पितळी जोड हिरवाच पडतो. तेच जुने बुलेट घासून नव्या नळीत बसवले की तीच तार मुकाट काम करते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. भाग स्वस्त, वेळ महाग. मग सरळ बदलून का टाकू नये, किंवा एकदाच अख्खं वायरिंग का घालू नये? बदलावं, ज्यांना जमतं त्यांनी. पण बाजारातला नवा भाग जुन्याइतका टिकेलच याची खात्री कोणी देत नाही, आणि सेल्फ बदलताना त्याच्या टर्मिनलवरचे नट उघडून परत आवळले जातातच. गाडी सुरू झाली की श्रेय नव्या सेल्फला जातं, गुण असतो आवळलेल्या नटाचा. जुना, शाबूत सेल्फ भंगारात जातो आणि मालकाची समजूत पक्की होते. नवं वायरिंगही गंजक्या बॉडीवर, रंगाच्या थरावर अर्थ केलं तर दोष जसाच्या तसा राहतो.

धोक्याचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. बारा व्होल्टने शॉक बसत नाही, पण बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या केबलला फ्यूज नसतो. तिथे पाना अडकला तर तो लालबुंद होतो, आणि बोटात अंगठी असेल तर बोटही. अंगठी-घड्याळ काढून ठेवा. केबल उघडायच्या आधी बॅटरीची अर्थची बाजू पहिली सोडा आणि शेवटी जोडा. चार्जिंगनंतर बॅटरीपाशी हायड्रोजन साठतो आणि एमजीबीत ती बॅटरी तुमच्या पाठीमागेच असते. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, सॉलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणग्या पाडण्याचा पुरुषार्थ नको. १९६७ च्या आधीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू अर्थला असते, तेव्हा जम्प-लीड किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडण्याआधी पोस्ट दोनदा पाहावेत.

सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पकडत नाही, हे प्रकरण वेगळं, तरी व्होल्टचाच हिशेब तिथेही चालतो. सेल्फने व्होल्टेज नऊच्या खाली ओढलं तर कॉइलला उरलेल्यावर भागवावं लागतं, ठिणगी अशक्त पडते आणि बिचारे प्लग बदलले जातात. रबर बंपरवाल्या नंतरच्या एमजीबींत कॉइलला एरवी रोधक तारेतून कमी व्होल्टेज मिळतं, सेल्फ फिरताना मात्र थेट. म्हणून चावी मारलेली असेपर्यंत इंजिन पेटतं आणि चावी सोडताच मरतं, अशी तक्रार आली की ती रोधक तार तुटली असण्याचा संभव सगळ्यात आधी धरावा. मागच्या बाजूच्या एसयू इंधनपंपाची टिकटिक ऐकू येत नसेल तर प्रश्न ठिणगीचा नाही, पेट्रोलचा.

आणि भाग खरंच दोषी असतात, हेही मोजूनच कळतं. सेल्फ फिरत असताना त्याच्या टर्मिनलवर आणि त्याच्याच अंगावर मीटर धरून साडेदहा व्होल्ट पोहोचताना दिसले, इंजिन हाताने मोकळं फिरतंय, तरी सेल्फ रेंगाळतोय, तर कार्बन ब्रश झिजलेत किंवा आर्मेचर गेलंय. मग खुशाल मागवा नवा. सेल्फचा वरचा बोल्ट हाताला सहजी लागत नाही, लांब एक्स्टेन्शन जवळ असू द्या.