मुंबईचे अपुरे स्वराज्य

दि. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. पुढचे सभागृह निवडण्यासाठी मुंबईकरांना मतदान करता आले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे देशाच्या आर्थिक राजधानीत एकही नगरसेवक नव्हता, स्थायी समिती नव्हती, महापौर नव्हता. आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचे, स्थायी समितीने ते तपासायचे आणि सभागृहाने मंजूर करायचे, ही कायद्याने घालून दिलेली रीत. या काळात मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. २०२३-२४चे अंदाजपत्रक ५२ हजार कोटी रुपयांच्या वर होते, तर २०२५-२६चे ७४,४२७ कोटींचे. देशातील काही लहान राज्यांच्या अर्थसंकल्पांहूनही मोठी असलेली ही रक्कम जनतेच्या एकाही प्रतिनिधीच्या संमतीवाचून खर्ची पडली.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. या चार वर्षांत मुंबईकरांना फारसे काही हरवल्यासारखे वाटले नाही. नळाला पाणी येत राहिले, कचऱ्याच्या गाड्या फिरत राहिल्या, रस्ते खणले गेले आणि बुजवले गेले. लोकप्रतिनिधी नसतानाही ज्या शहराचा गाडा पूर्वीसारखाच चालतो, तेथे लोकप्रतिनिधी असताना तरी सत्ता कोणाच्या हाती होती, हा प्रश्न यातून उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

१८६५च्या कायद्याने मुंबईत महापालिका आयुक्त हे पद निर्माण झाले. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड कर्तबगार होते, हे मान्य करावे लागेल. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई आजही उभी आहे. पण त्यांच्यावर लगाम नव्हता आणि खर्चाला धरबंध उरला नाही. करदाते संतापले, सभा झाल्या, आंदोलन पेटले. नोव्हेंबर १८७१मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये तरुण फिरोजशहा मेहतांनी या प्रश्नावर निबंध वाचला. कार्यकारी सत्ता एकाच अधिकाऱ्याकडे असावी, मात्र त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश असावा, असा त्यांचा आग्रह होता. १८७२च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली. त्यांतील निम्मे, म्हणजे ३२ सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. उरलेल्यांपैकी १६ जस्टिसेस ऑफ द पीसनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. १८८८च्या कायद्याने सदस्यसंख्या ७२ झाली. या कायद्याच्या घडणीत फिरोजशहांचा मोठा वाटा होता. महापालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे, तो यथोचितच आहे.

परंतु या रचनेच्या मुळाशी परकीय राजवटीचा अविश्वास होता. ‘नेटिवांनी’ चर्चा करावी, ठराव करावेत, प्रश्न विचारावेत. पण अंमलबजावणीची किल्ली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या कमरेलाच राहावी, हे त्या अविश्वासाचे सूत्र होते. फिरोजशहांना जी तडजोड त्या काळात शक्य होती, ती त्यांनी साधली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण दास्याच्या काळातील तडजोड स्वातंत्र्याच्या काळातही आदर्श म्हणून मिरवावी, हे मात्र अनाकलनीय आहे. १८८८चाच कायदा अनेक दुरुस्त्यांसह मुंबईला आजही लागू आहे. कार्यकारी सत्ता आजही राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडेच आहे. त्याला परत पाठवायचे तर एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांशांनी तसे मत द्यावे लागते. महापौर हे शहराचे प्रथम नागरिक. सभागृहाचे अध्यक्षस्थान, स्वागताचे हार आणि शिष्टाचार त्यांच्या वाट्याला येतात. पण अंमलबजावणीचा अधिकार येत नाही.

संकटाच्या वेळी या रचनेचे खरे रूप उघड होते. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात प्लेग उद्भवला. तो ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगास हे महापालिकेचेच सदस्य होते. म्हणजे रोगाचे निदान लोकप्रतिनिधीने केले. तरीही मार्च १८९७मध्ये सरकारने जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्लेग समिती नेमली आणि महापालिकेला बाजूला सारले. १८९८मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नवे रस्ते, नव्या वसाहती, जमिनीचा विकास ही शहराचे भवितव्य ठरवणारी कामे त्याच्याकडे गेली. तो महापालिकेत विलीन व्हायला १९३३ साल उजाडले.

हा इतिहास वाचताना आजची मुंबई डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. एमएमआरडीए १९७५ची, म्हाडा त्यानंतरच्या दोन वर्षांतली, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५चे, रस्ते विकास महामंडळ १९९६चे. प्रत्येकाची गरज त्या त्या वेळी सांगितली गेली आणि त्यांतील काहींनी मोठी कामे उभी केली, यात शंका नाही. पण यांपैकी एकही संस्था मुंबईच्या मतदाराला थेट उत्तरदायी नाही. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट विलीन व्हायला ३५ वर्षे लागली. स्वतंत्र भारतात मात्र प्राधिकरणांची संख्या वाढतच गेली. उत्पन्नाचेही तेच झाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि महापालिकेचा स्वतःचा जकातीचा हक्काचा स्रोत संपला. देशाच्या एकात्म बाजारपेठेसाठी हा निर्णय आवश्यक होता. मात्र त्या बदल्यात मिळणाऱ्या नुकसानभरपाईसाठी महापालिकेला राज्याच्या तिजोरीकडे पाहावे लागते, हेही तितकेच खरे.

स्थानिक स्वराज्य ही इंग्रजांची देणगी आहे आणि लॉर्ड रिपन तिचे जनक आहेत, असे शालेय पुस्तकांतून शिकवले जाते. १८८२च्या रिपन यांच्या ठरावाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण या भूमीला नगराचा कारभार ठाऊकच नव्हता, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. मेगॅस्थेनिसने पाटलिपुत्राच्या कारभाराचे वर्णन करताना पाच-पाच जणांच्या सहा मंडळांचा उल्लेख केला आहे. त्याहून जवळचा पुरावा महाराष्ट्रातच, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत कोरलेला आहे. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर दरमहा दरशेकडा एक आणि एक हजारावर पाऊण, असा व्याजाचा दर ठरला. मूळ रक्कम परत मागायची नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट होती. हे सारे निगमसभेत वाचून दाखवले गेले आणि रीतीप्रमाणे नोंदवले गेले, असे लेख सांगतो. ज्याच्या हाती राजसत्ता आणि सैन्य होते, तोही आपल्या दानाची नोंद नगराच्या सभेत करतो. त्या सभेच्या शब्दाला केवढे वजन असेल! हे वजन १८८८च्या कायद्याने सभागृहाला दिले नाही, आणि स्वतंत्र भारतानेही ते पूर्णतः दिलेले नाही.

स्वातंत्र्यलढ्यातील धुरीणांना नगरपालिकेचे मोल ठाऊक होते. सरदार पटेल १९१७मध्ये अहमदाबादच्या नगरपालिकेत निवडून गेले आणि तेथील गोऱ्या आयुक्ताच्या मनमानीविरुद्ध ठामपणे उभे राहिले. १९२४ ते १९२८ या काळात ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते. बार्डोलीचे नेतृत्व करणारा सरदार नगराच्या गटारांचा आणि पाण्याचा हिशेब मांडताना घडला. १८९९च्या कायद्याने कलकत्त्यातील लोकनियुक्त सदस्यांची संख्या घटवली, तेव्हा २८ सदस्यांनी राजीनामे दिले होते. त्यांतील सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी पुढे मंत्री झाल्यावर १९२३चा कायदा आणला. त्यानुसार १९२४मध्ये चित्तरंजन दास महापौर झाले आणि महापालिकेने आपला मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सुभाषचंद्र बोस यांना निवडले. परकीय सत्तेच्या छायेतही कलकत्त्याच्या सभागृहाला आपला कार्यकारी प्रमुख निवडता आला. मुंबईच्या सभागृहाला तो अधिकार आजही नाही, हा विरोधाभास बोचणारा आहे.

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने हे चित्र पालटेल, अशी आशा होती. सभागृहाची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वीच निवडणूक, असे घटनेने स्पष्ट बजावले. बाराव्या अनुसूचीत १८ विषय नमूद केले. पण ते विषय सोपवायचे की नाही, हे राज्य विधिमंडळावर सोडले आणि तेथेच दुरुस्तीचे बळ ओसरले. महाराष्ट्रात १९९८मध्ये मुंबई आणि नागपूरसाठी ‘मेयर इन कौन्सिल’ पद्धत आणली गेली आणि वर्षभरातच गुंडाळली गेली. निवडणुकीच्या बाबतीत तर घटनेचा स्पष्ट आदेशही अपुरा पडला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात, प्रभागांची संख्या एका सरकारने २२७वरून २३६वर नेलेली, दुसऱ्याने पुन्हा २२७वर आणलेली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. या विलंबात सर्वच प्रमुख पक्षांची सरकारे कधी ना कधी सत्तेवर होती, हे विसरता येणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. नगरसेवक भ्रष्ट असतात, टक्केवारीत गुंततात, त्यापेक्षा प्रामाणिक अधिकारी बरा! १९९४च्या प्लेगनंतर सुरतचा कायापालट करणारे आयुक्त एस. आर. राव यांचे उदाहरण दिले जाते आणि ते खरेही आहे. महापालिकांतील टक्केवारीची कीड कोणी नाकारू शकत नाही. पण या युक्तिवादात एक मूलभूत चूक आहे. अधिकार नसलेल्या पदाकडे कर्तबगार माणूस वळत नाही. वळतात ते केवळ अडवण्याच्या शक्तीचे मोल वसूल करू पाहणारे. काम करण्याची सत्ता आयुक्ताकडे आणि काम रोखण्याची सत्ता समितीकडे, अशी विभागणी केली की सौदेबाजीला आमंत्रण मिळणारच. शिवाय खड्ड्यांबद्दल जाब विचारायचा तर नगरसेवक आयुक्तांकडे बोट दाखवतो, आयुक्त प्राधिकरणाकडे आणि प्राधिकरण मंत्रालयाकडे. नागरिकाचे मत कोणालाच लागू पडत नाही. चांगला अधिकारी हे शहराचे भाग्य असते. भाग्यावर विसंबून राहणे म्हणजे स्वराज्य नव्हे.

जानेवारी २०२६च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्ष मुंबईत सर्वांत मोठा पक्ष म्हणून निवडून आला. राज्याचे आणि देशाचे नेतृत्वही त्याच विचारधारेकडे आहे. दीनदयाळ उपाध्यायांनी सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा आग्रह धरला होता. तो अंगीकारल्याचे सांगणाऱ्यांना आता सबब उरलेली नाही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक न झाल्यास त्याची जबाबदारी निश्चित करणारा कायदा करावा. महापौर आणि त्यांच्या मंडळाकडे कार्यकारी सत्ता आणि तिच्याबरोबर उत्तरदायित्व द्यावे. आयुक्ताच्या नियुक्तीला सभागृहाची संमती आवश्यक ठरवावी. शहरात काम करणाऱ्या प्रत्येक प्राधिकरणाचा आराखडा सभागृहापुढे मांडण्याचे बंधन घालावे. यांतील एकही सुधारणा केंद्राच्या परवानगीवाचून अडलेली नाही. मुंबईतील आपला अधिकार आपणच कमी करायचा, हे राज्य सरकारला जड जाईल, हे उघड आहे. पण आपली माणसे सत्तेवर असतानाच आपल्या तत्त्वांची परीक्षा होते.

पुतळ्याला हार घालून फिरोजशहांचे ऋण फिटणार नाही. त्यांनी गुलामीच्या काळात अर्धी वाट चालून दाखवली. उरलेली अर्धी वाट चालण्याचे काम स्वतंत्र भारताचे होते आणि ते अजून शिल्लक आहे.