नत्राचे हप्ते आणि चहाची साखर



दर वेळी मी बेण्याबद्दल, खोडव्याबद्दल लिहितो. आज उसाच्या मालकाबद्दल चार शब्द लिहितो.

आपल्या वाडवडिलांनी मोट हाकली, रात्ररात्र पाटाचं पाणी धरलं. आज मोटार घरबसल्या चालू होते आणि गाडी थेट बांधापर्यंत जाते. कष्ट हलके झाले, हे चांगलंच झालं. पण ताट तेवढंच राहिलं आणि चहा मात्र वाढला. ऊसनोंदीला फिरताना प्रत्येक वस्तीवर 'साहेब, घोटभर तरी घ्या' म्हणतात. मीही नाही म्हणत नव्हतो. दोन वर्षांपूर्वी तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली, तेव्हा डोळे उघडले.

हिशेब साधा आहे. कपात दोन चमचे, चमच्यात ४ ग्रॅम. सहा कपांत ४८ ग्रॅम झाली. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने वरची साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ च्या आत आणली तर अधिक बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं. म्हणजे नुसत्या चहातच कोटा संपला!

कोणी म्हणेल, 'साखर कारखान्याचा माणूस साखर कमी खा सांगतो?' होय, सांगतो. तुमचा एक चमचा कमी झाल्याने गोदाम अडत नाही. पण सभासद अंथरुणाला खिळला तर रान पडून राहतं.

मात्र सगळं एकदम सोडू नका. मी सोडलं होतं. आठ दिवस फिका चहा प्यायलो, नवव्या दिवशी दुप्पट गोड! नत्र तरी आपण एकदम टाकतो का? लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. एकदम टाकलेलं खत पाण्याबरोबर जातं, पिकाला लागत नाही. सवयीचंही तसंच.

पहिल्या महिन्यात दोन चमच्यांचा दीड करा, पुढे एक. दुसऱ्या महिन्यात एक चपाती कमी करून वाटीभर उसळ किंवा पालेभाजी वाढवा. तिसऱ्या महिन्यात गाडी घरी ठेवून रानात पायी जा. दहा मिनिटांपासून सुरुवात करून आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या; २०२० ची शिफारस किमान तेवढी आहे. भगिनींचं चालणं कमी नाही, त्यांचं जेवण मागे राहतं. उसळीची वाटी त्यांच्याही ताटात पडली पाहिजे. साखरेची गोळी चालू असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

एखादा दिवस चुकला तर नांग्या भरा, अख्खा प्लॉट मोडू नका.

माझं स्पष्ट मत आहे की, आपल्या गटसभांत आणि मेळाव्यांत चहा फिका द्यावा आणि साखर वेगळी ठेवावी. ज्याला जेवढी हवी तेवढी त्याने घ्यावी. मी तुमच्या वस्तीवर आलो की चहा जरूर घेईन. साखर तेवढी माझ्या हाताने घालू द्या, ही विनंती.