गैरिकंबूल

गेल्या महिन्यात ग्वाल्हेरला जाऊन आलो. आपल्याकडून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता थेट तिथे उतरता येतं, त्यामुळे प्रवासाची तक्रार नाही. काम मात्र अवघड होतं. माझ्या मावसभावाच्या मुलाचं लग्न आमच्या ओळखीतल्या बेळगावच्या एका मुलीशी जवळजवळ ठरलं होतं. दोघं बंगळूरला नोकरीला, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. मुलीचे वडील मराठी, आई धारवाडकडची कन्नड. देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. आणि अचानक ग्वाल्हेरहून निरोप आला, "जरा थांबा."

का थांबा, ते कुणी सांगेना. दोन्ही घरं माझ्या ओळखीची, म्हणून मध्यस्थी माझ्याकडे आली. मी निघायच्या आदल्या दिवशी मुलीच्या आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "निजा हेळ्री सर, मी कन्नड आहे म्हणून का?" मला उत्तर देता आलं नाही. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न किती खोल लागतो, ते वाचकांना सांगायला नको.

मावशीचं घर लष्कर भागात. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला, त्या तळाचंच पुढे गाव झालं आणि नाव 'लष्कर' तेच राहिलं. घरात अजून सकाळी गीतरामायण आणि संध्याकाळी शुभंकरोती. मावशीचं वय ऐंशीच्या पुढे. चहा झाल्यावर तिने देवघरातल्या डब्यातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. गल्लीतल्या जुन्या ज्योतिषीबुवांना तिने प्रश्न विचारला होता, 'हे लग्न होईल का?' बुवांनी प्रश्नकुंडली मांडून खाली एकच ओळ लिहिली होती, 'गैरिकंबूल योग'.

"बघ," मावशी म्हणाली, "गैर. त्यांनी स्वच्छ लिहून दिलंय. आता मी काय बोलू?"

मी मराठी शिकवतो. ग्रहांवर माझा विश्वास किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. शब्दांवर मात्र माझं पोट आहे. 'गैर' दिसल्यावर मावशीला गैरवर्तन आठवलं, मला गैरहजर आठवलं. 'कंबूल' वाचून तर आधी आपली कन्नड 'कंबळि'च डोळ्यांसमोर आली, घोंगडी! मावसोबांच्या कपाटात 'ताजिक नीलकंठी'ची पिवळी पडलेली प्रत होती, हिंदी टीकेसह. रात्री ती घेऊन बसलो.

प्रश्नकुंडली म्हणजे जन्मवेळेची कुंडली नव्हे. ज्या क्षणी प्रश्न विचारला, त्या क्षणाची ती कुंडली. विचारणाऱ्याचा ग्रह लग्नेश आणि कामाचा ग्रह कार्येश. लग्नाचा प्रश्न असेल तर कार्येश म्हणजे सप्तमेश. हे दोघे एकमेकांना भेटतात का, हे पाहायचं. या भेटीगाठींना ताजिक पद्धतीत सोळा योगांची नावं आहेत, आणि ती नावं ऐकून भल्याभल्यांची गाळण उडते. इत्थशाल, ईसराफ, नक्त, यमया, मणऊ, कंबूल, गैरिकंबूल, खल्लासर, रद्द... संस्कृत श्लोकात घट्ट बसवलेली असल्यामुळे ती एखाद्या बीजमंत्रासारखी वाटतात.

प्रत्यक्षात ती अरबी आहेत. 'ताजिक' हा शब्दच अरब-इराणकडच्या लोकांसाठी वापरला जाई. नवव्या शतकात साह्ल इब्न बिश्र नावाच्या ज्योतिषाने अरबीत ग्रहांच्या सोळा अवस्था सांगितल्या. तेराव्या शतकात गुजरातेत समरसिंहाने हे शास्त्र संस्कृतात आणलं. आणि शके १५०९ मध्ये, म्हणजे १५८७ साली, नीलकंठाने ते ज्या ग्रंथात मांडलं तोच आजवर घरोघरी चालला. हा नीलकंठ अकबराच्या दरबारातला पंडित, पण घराणं मूळचं विदर्भातलं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ सालच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या मराठी ग्रंथात या घराण्याची हकीकत आहे.

आता एकेक नाव उलगडून पाहा. इत्थशाल म्हणजे 'इत्तिसाल', जोडणी. वेगाने चालणारा ग्रह मागून येतो आहे, मंद ग्रह पुढे आहे, दोघांची एकमेकांवर दृष्टी आहे. म्हणजे गाठ पडणार. ईसराफ म्हणजे 'इन्सिराफ', तोंड फिरवून निघून जाणं. गाठ पडून गेली. नक्त म्हणजे 'नक़्ल', एकाचं दुसऱ्याकडे नेणं. आपली 'नक्कल' तीच, कागदावरचं दुसऱ्या कागदावर नेणारी. यमया म्हणजे 'जमा'. दोघांचं तेज तिसरा मंद ग्रह गोळा करतो. मणऊ म्हणजे 'मना', मनाई. रद्द म्हणजे रद्दच. राशीचे जे पाच भाग करतात त्यांना हद्दा म्हणतात, ती आपली 'हद्द'.

वाचकहो, यातले निम्मे शब्द तुमच्या घरातल्या सातबाऱ्यावर आणि बँकेच्या पासबुकात सापडतील. कन्नडातही तेच. जमा आहे, नकलु आहे, रद्दु आहे, हद्दु आहे. तलाठ्याच्या कचेरीत जे शब्द आपण रोज वापरतो, तेच कुंडलीत दिसले की हात जोडतो.

आणि कंबूल? तो आहे 'मक़बूल', कबूल केलेला. 'क़बूल' म्हणजे स्वीकार. या कल्पनेवर बगदादेत स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले. ७६२ साली बगदाद शहराच्या पायाभरणीचा मुहूर्त काढणाऱ्यांत जो माशाअल्लाह होता, त्याचा या एकाच विषयावरचा ग्रंथ लॅटिन भाषांतरात टिकून आहे. कल्पना साधी, घरगुती आहे. समजा चंद्र मेषेत आहे आणि मंगळाशी जुळू पाहतो आहे. मेष हे मंगळाचं घर. पाहुणा माझ्याच ओसरीवर उभा राहून मला हाक मारतो आहे, तर मी त्याला आत घेणारच. मंगळाने चंद्राला 'कबूल' केलं. नुसती भेट होणं वेगळं आणि घरच्या माणसाने आत घेणं वेगळं, हा फरक त्या ज्योतिषांनी नेमका पकडला होता.

संस्कृतात येताना या शब्दाचा अर्थ थोडा सरकला. नीलकंठाच्या कंबूलात लग्नेश-कार्येशांचा इत्थशाल असतोच, त्यात चंद्रही येऊन जुळतो. चंद्र किती मानाच्या जागी आणि ते ग्रह किती मानाच्या जागी, उत्तम, मध्यम, सम, अधम, असे चार गुणिले चार मिळून सोळा प्रकार केले. पायऱ्या वाढल्या आणि ओसरीवरच्या पाहुण्याची मूळ गोष्ट मागे पडली. टीकाकार लक्षण चोख सांगतात, पण शब्द काय म्हणतो याच्या वाटेला जात नाहीत.

गैरिकंबूल म्हणजे 'गैर-कबूल', स्वीकार न झालेला. म्हणजे मावशीची भीती अगदीच निराधार नव्हती. पण नीलकंठाने दिलेलं लक्षण वाचलं आणि मी उठून बसलो. लग्नेश आणि कार्येश जुळलेले आहेत. चंद्र मात्र कुणाशीच जुळलेला नाही, राशीच्या अगदी शेवटाला आलेला आहे. तो उंबरा ओलांडून पुढच्या राशीत जातो आणि तिथे स्वतःच्या घरी किंवा उच्चीला बसलेल्या बलवान ग्रहाशी त्याची गाठ पडते. फळ काय? दुसऱ्याच्या मदतीने काम होतं. 'होतं' असं लिहिलंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला न सांगता बुवांकडे गेलो. दोन जिने चढून वर एक लहानशी खोली, भिंतीला पंचांग. मी चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, "मी वाईट कुठे म्हटलं, प्रोफेसरसाहेब? काम होणार, मधे कुणीतरी पडावं लागेल. तुमच्या मावशीबाई चिठ्ठी घेऊन गेल्या, पुढचं ऐकलंच नाही." मी त्यांना शब्दाचं मूळ सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पन्नास वर्षं हा श्लोक म्हणतोय. म्हणजे निकाहात म्हणतात ते कबूल?" मी हो म्हटल्यावर हसले. "मग खल्लासर?" हाही शब्द लोकांना घाबरवणारा, कारण ऐकताना 'खल्लास' ऐकू येतं. त्याचा खल्लासशी संबंध नाही. तो 'खाली-अस्-सैर', रिकामी सैर. कुणालाच न भेटता चालत राहिलेला चंद्र. संस्कृतात त्याला शून्यमार्ग म्हणतात. बुवा म्हणाले, "वा! आपल्या किल्ल्यावर शून्य आहेच."

ते खरंच आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा शिलालेख आहे. देवाच्या फुलांसाठी दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या हारांची संख्या ५०, हे आकडे त्यात शून्यासह कोरलेले आहेत. आपलं शून्य अरबांनी नेलं, त्यांचं कबूल आपण आणलं. त्याच गावात किल्ल्याखाली महंमद घौसांचा मकबरा आहे आणि त्याच्या आवारात तानसेनाची समाधी. १५६३ साली वारलेल्या या सूफी संताने योगविद्येवरचा 'अमृतकुंड' हा ग्रंथ फारसीत नेला. त्यानंतर चोवीस वर्षांनी नीलकंठाने अरबी योग संस्कृत श्लोकांत बांधले. दोन्ही बाजूंना एकमेकांचे शब्द घरात घेण्याची लाज वाटत नव्हती. त्याच्याही कितीतरी आधी ग्रीकांकडून 'केंद्र' आणि 'होरा' आले. आज ते परके आहेत हे कुणाला आठवतही नाही.

संध्याकाळी मावशीला सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, आता सुटलं. ती म्हणाली, "ते झालं रे. पण ती घरात कन्नड बोलेल. तिच्या पोरांशी कन्नड बोलेल. इथे आधीच हिंदीने मराठी खाल्लीये, नातवंडं मला 'दादी' म्हणतात. मी कुणाशी बोलू?"

म्हणजे चिठ्ठी हे निमित्त होतं. खरी भीती ही होती, आणि ती मला खोटी म्हणता येईना. बाहेरच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या भाषा सांभाळणाऱ्यांनाच ती कळते. मी एवढंच विचारलं, "मावशी, तू निपाणीची. लग्न होऊन इथे आलीस तेव्हा काय झालं?"

तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग सांगितलं की आल्या आल्या ती पाण्याला 'नीर' म्हणाली आणि सगळं घर हसलं होतं. त्या दिवसापासून तिने कन्नड शब्द तोंडातून काढला नाही. शेजारच्या परसात कन्नड खेळणारी मुलगी ग्वाल्हेरला येऊन ते विसरली. "सासूबाई वाईट नव्हत्या," ती म्हणाली. "पण एकदा तरी कुणी म्हणायला हवं होतं, बोल, तुझं बोल म्हणून."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिनेच फोन मागितला आणि बेळगावचा नंबर लावून दे म्हणाली. पलीकडे मुलीची आई. मावशीने मराठीत नमस्कार केला, मग अडखळत, साठ वर्षांचा गंज झाडत म्हणाली, "ओप्पिगी अद." आमची संमती आहे. पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोन कट झाला.

साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. मावशीने अट घातली आहे, सुनेने तिच्याशी मराठी आणि पोरांशी दोन्ही बोलायचं. मुलीने ती कबूल केली.

आपल्या भागात पत्रिका पाहणारी घरं आहेत, न पाहणारीही आहेत. ज्याने त्याने ठरवावं. पण कुणी लिहून दिलेला शब्द न कळताच कुणाच्या मुलीला किंवा मुलाला 'थांबा' म्हणू नये. आधी लिहिणाऱ्याला विचारावं, याचा अर्थ काय? आणि मग स्वतःला विचारावं, माझ्या मनात खरं काय आहे? आमच्या बाबतीत दुसरा प्रश्न जास्त कठीण निघाला.