‘किंवा’चे चिन्ह आणि मराठीतील ‘की’

भंडारा जिल्ह्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. येथील एका खनिजाला अभ्यासकांनी गावावरूनच ‘चिक्लाइट’ असे नाव दिले होते. पुढे नामावलीच्या फेररचनेत ते गळाले. पण नाव उच्चारताच गाव आठवावे, एवढी सोय त्यात होती. याच परिसरातील विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीत शिकून बारावीच्या विज्ञान शाखेत जातो, तेव्हा गणिताच्या पाठ्यपुस्तकातील पहिलेच प्रकरण तर्काचे असते. त्यातील चिन्हांचे कुळ मात्र त्याला कोणी सांगत नाही.

‘किंवा’साठीचे चिन्ह रोमन ‘व्ही’सारखे. लॅटिनमधील ‘वेल’ या शब्दाचे ते आद्याक्षर. रसेल व व्हाइटहेड यांच्या १९१० च्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’मुळे ते रूढ झाले. ‘अस्तित्वात आहे’ हे सांगणारा उलटा ‘ई’ इटलीच्या पेआनोचा, १८९७ चा. ‘सर्व’साठीचा उलटा ‘ए’ जर्मन गेंट्झेनने १९३५ मध्ये त्याच धर्तीवर योजला. म्हणजे ही चिन्हे आकाशातून पडलेली नाहीत. कोणाच्या तरी बोलीतील शब्दच त्यांत गोठलेले आहेत.

हे न सांगितल्याने नेमके काय बिघडते? दोन्ही विधाने सत्य असतील, तर ‘किंवा’ने जोडलेले विधानही सत्य, हा नियम मुलांना विचित्र वाटतो. ती तो पाठ करतात. वस्तुतः स्थूलमानाने लॅटिनमध्ये ‘वेल’ म्हणजे एक, दुसरे वा दोन्ही. दोहोंपैकी एकच हवे तेथे ‘आउट’. आणि हा भेद मराठी मुलाच्या जिभेवर आधीपासूनच आहे! ‘दिवसपाळी की रात्रपाळी?’ या प्रश्नाला उत्तर एकच. पण ‘शिधापत्रिका किंवा वीजबिल जोडावे’ अशी सूचना असता दोन्ही जोडणाऱ्याचा अर्ज कोणी फेटाळत नाही. गणितातील चिन्ह हे आपले ‘किंवा’ आहे, ‘की’ नव्हे, एवढे एक वाक्य पुरे.

त्याच प्रकरणात द मॉर्गनचे नियम येतात. द मॉर्गन १८०६ मध्ये मदुराईत जन्मला, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. तान्हेपणीच इंग्लंडला गेलेल्या मुलाच्या पाळण्यावर कसला अभिमान बाळगायचा? अभिमानाला जागा हवीच असेल, तर ती भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’त आहे. नव्यन्यायाने चिन्हांवाचून, ‘अवच्छेदक’, ‘प्रतियोगी’ अशा घडवलेल्या शब्दांनी काटेकोरपणा साधला. त्या परिभाषेचा हा कोश वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारून १९२८ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेतर्फे पुन्हा सिद्ध केला. तो उघडतो कोण, हा प्रश्न निराळा.

गंमत अशी की, कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेची मुले हेच तर्कशास्त्र मराठीत शिकतात. ‘किंवा’चे चिन्ह दोन्हीकडे तेच, ‘जर-तर’साठी मात्र इकडे घोड्याचा नाल, तिकडे बाण. आपण एकच विषय शिकतो आहोत, हे दोन्ही वर्गांना ठाऊक नसते. शिक्षकांनी वर्षातून एक तास वर्गांची अदलाबदल करावी आणि मंडळाने प्रत्येक चिन्हापुढे त्याचा मूळ शब्द व मराठी प्रतिशब्द छापावा. त्याला पाठ्यपुस्तकाचे अर्धे पानही लागणार नाही.