रंगीत शंखातील भाडेकरू

आमच्या भाचीचे बिऱ्हाड अमेरिकेत न्यू जर्सीला आहे. गेल्या सुट्टीत तिची मुलगी समुद्रकिनारी फिरायला गेली आणि येताना शंखात राहणारे दोन खेकडे घेऊन आली. तिकडे त्यांना ‘हर्मिट क्रॅब’ म्हणतात. शंखांना लाल-निळा रंग दिलेला, सोबत तारेचा लहानसा पिंजरा, त्यात रंगीत खडे आणि स्पंजाचा एक ओला तुकडा. ‘याला काही लागत नाही,’ असे विकणाऱ्याने सांगितले होते. महिन्याभरात त्यातला एक खेकडा शंख सोडून बाहेर आला आणि मेला. पोर दोन दिवस धड जेवली नाही. भाचीने फोन केला, “मामा, आमचं काय चुकलं हो?”

मी पडलो आकडेमोड करणारा कारकून. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना गाठले. ते म्हणाले, चूक पिंजऱ्याची आहे.

हा खेकडा जमिनीवर फिरतो, पण श्वास कल्ल्यांनीच घेतो. कल्ले ओलसर असतील तरच त्याला हवा मिळते. तारेच्या पिंजऱ्यात, त्यातही एअर कंडिशनरच्या कोरड्या खोलीत, तो हळूहळू गुदमरतो. त्याचे मूळ गाव कॅरिबियन बेटांवरचे. हवेतली आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि उष्णता २४ ते २९ अंश सेल्सिअस, असे त्याचे हवामान. तेव्हा त्याला काचेची, झाकणाची पेटी हवी. दोन लहान खेकड्यांना निदान ४० लिटरची, मोठी मिळाल्यास उत्तमच. आत आर्द्रतामापक लावावा. अंदाजाने काम करू नये. हीटर लावायचाच तर पेटीच्या मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर लावावा.

खरी गोम वाळूत आहे. पाच भाग बारीक वाळू आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा. ओल इतकीच, की मुलांना किल्ला करता यावा. खोली किमान १५ सेंटिमीटर. पाण्याची भांडी दोन ठेवावीत. एकात क्लोरीन काढलेले गोडे पाणी, दुसऱ्यात माशांच्या पेट्यांसाठी मिळणारे समुद्री मीठ घातलेले पाणी. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. खेकडा पुरता बुडेल एवढे भांडे खोल असावे आणि चढून बाहेर यायला आत दगड ठेवावा. खायला फळे, खोबरे, मीठ न लावलेला सुका जवळा आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस.

शंख त्याचा स्वतःचा नसतो. मेलेल्या गोगलगायीचे घर तो वापरतो आणि अंगाने वाढला की मोठे घर शोधतो. किनाऱ्यावर मोठा शंख सापडला की खेकडे लहान-मोठे असे रांगेत उभे राहतात. पहिल्याने नवे घर घेतले की त्याचे जुने दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला. दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या मला हे ऐकून त्यांचा हेवा वाटला! तेव्हा पेटीत थोडे मोठे, रंग न लावलेले चार-पाच शंख जास्तीचे असू द्यावेत. शंखावरचा रंग निघतो आणि पोटात जातो.

भाचीने हिशेब सांगितला. खेकडे स्वस्तात आले, पेटीला त्याच्या कैक पट खर्च झाला. मी म्हटले, खेकडा तीस वर्षेही जगू शकतो, तेवढ्या वर्षांत विभागून बघ. यांची पिल्ले समुद्रात वाढतात, त्यामुळे विकायला येणारे बहुतेक सर्व किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. पुन्हा विकत आणू नकोस, हेही सांगितले. आपल्याकडे मुले चौपाटीवरून शंखातले खेकडे डब्यात घालून आणतात. ते तर समुद्राचेच रहिवासी. त्यांना तिथेच सोडायला लावा.

उरलेला खेकडा नव्या पेटीत गेला आणि चौथ्या दिवशी वाळूत गडप झाला. भाची उकरून बघणार होती. मी ओरडलोच, “अगं, हात लावू नकोस!” खेकडा कात टाकायला खाली जातो. तिथे त्याचे अंग मऊ असते, टाकलेली कात खाऊन तो बळ धरतो. याला महिना-दोन महिने, कधी अधिकही लागतात. उकरला तर मरायचा.

परवाच्या रविवारी सहावा आठवडा लागला. “मामा, अजून वर आला नाही.”

“सडक्या मासळीसारखा वास येतो का?”

“नाही.”

“मग राहू दे. पाणी बदलत जा.”