आवडीची नोकरी की विम्याची?

छोट्या छापखान्यात, खासगी शिकवणीत किंवा नाट्यसंस्थेत रमलेल्या तरुणाला घरची मंडळी हमखास विचारतात, "उद्या आजारपण आले तर?" प्रश्न रास्त आहे. एका शस्त्रक्रियेत साठवलेली पुंजी संपते. परंतु तेवढ्यासाठी मन मारून कंपनीची नोकरी धरावी, हे आम्हास पटत नाही. कंपनीचा विमा नोकरीपुरताच असतो. मधुमेह, रक्तदाब जडलेल्या वयात नोकरी सुटली, की नवा विमा महाग पडतो.

म्हणून स्वतःच्या नावाची पॉलिसी प्रकृती ठणठणीत असतानाच घ्यावी. आधीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाल विमा नियामकाने २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. अर्जात जुना आजार लपवू नये. पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. नोकरी सोडायची असल्यास सामूहिक विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, हे राजीनाम्यापूर्वीच विचारावे.

घरात कुणाचे डायलिसिस चालू असेल, तर मात्र विम्याची नोकरी आधी. बहुतेक सामूहिक विम्यांत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. आवड थोडी थांबू शकते, डायलिसिस थांबत नाही. इतरांनी हप्त्याचा हिशेब मांडावा आणि आवडीचे काम खुशाल करावे.