पेरलेला सुरुंग आणि काढण्याची भाषा

मराठीत सुरुंग 'पेरतात'. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात जांभूळखेड्याजवळ १५ पोलीस आणि एक वाहनचालक स्फोटात मृत्युमुखी पडले, अशा घटनांच्या वृत्तांतून हे क्रियापद वाचकाच्या अंगवळणी पडले आहे. मात्र पेरलेले काढण्याची वेळ आली की हीच भाषा शेत सोडून कचेरीत जाते आणि 'सुरुंग-निर्मूलन' किंवा तत्सम भारदस्त नाम पुढे करते. प्रश्न केवळ अभिरुचीचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते.

'सुरुंग' या शब्दाचा मूळ अर्थ भुयार. कौटिलीय अर्थशास्त्रात तो त्याच अर्थाने येतो आणि ग्रीक 'सिरिंक्स' (नळी) या शब्दाशी अभ्यासक त्याचे नाते जोडतात. तटाखाली खणलेल्या भुयारात दारू ठासली जाऊ लागली आणि भुयाराचे नाव स्फोटकाला चिकटले. इंग्रजी 'माइन'चा प्रवासही असाच झाला. हिंदीत 'सुरंग' आजही दोन्ही अर्थ वागवते. मराठीत भुयाराचा अर्थ 'बोगद्या'कडे गेला.

साधनांच्या नावांकडे पाहिले तर इंग्रजीने कोठून उचल केली हे लगेच ध्यानात येते. १९४२ मध्ये अल् अलामीनच्या लढाईत ब्रिटिशांनी रणगाड्यापुढे फिरता दांडा बसवून त्याच्या साखळ्यांनी जमीन बडवली. त्या साधनाचे नाव 'फ्लेल', म्हणजे धान्य बडवण्याचे अवजार. सुरुंग उकरून बाजूला लोटणारा तो 'प्लाऊ', अर्थात नांगर; भारतीय लष्कराच्या टी-९० रणगाड्यांसाठी असे १,५१२ नांगर पुरविण्याचा करार २०२० मध्ये झाला. 'ट्रॉल' हा शब्द तर मासेमारीच्या जाळ्याचा. तो सुरुंगशोधक नौकांवर गेला, रशियन भाषेत रणगाड्यापुढील साधनाला लागला आणि भारतीय सैन्याच्या बोलीत स्थिरावला.

शेत आणि समुद्र या दोहोंची शब्दसंपत्ती एकत्र पाहावयाची तर डहाणू-तलासरीइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. हा रणभूमीचा प्रदेश नव्हे; पण किनाऱ्यावर डोलजाळे आहे आणि आत डोंगराळ पट्ट्यात वारली शेतकऱ्याचे भातशेत. येथे घाई मात्र उपयोगाची नाही. 'फ्लेल'ला 'झोडणी' म्हणण्याचा मोह होईल. परंतु भाताच्या झोडणीत पेंढी उचलून फळीवर वा दगडावर आपटतात, तर साखळी जमिनीवर आदळते. तेव्हा 'बडवणी' अधिक नेमके. 'प्लाऊ'चे दाते सुरुंग वर काढून कडेला सारतात, म्हणून त्यात नांगराइतकेच दाताळेही आहे. डोल खुंटांना बांधलेली, प्रवाहात स्थिर असते, ट्रॉल ओढले जाते. म्हणून तेथे 'डोल' चालणार नाही.

खरा घोटाळा पुढे आहे. रणगाड्याचा नांगर सैन्यापुरती वाट मोकळी करतो. वाटेच्या दोन्ही कडांना सुरुंग तसेच राहतात. युद्धानंतर माणूस गुडघ्यावर बसून सळईने वीत-वीत जमीन तपासतो, ते काम वेगळे. पहिले नांगराचे तास, दुसरी निंदणी. 'निर्मूलन' हा एकच शब्द दोहोंना लावला की वाचक समजतो, रान निर्धोक झाले. गुरे घेऊन जाणाऱ्याने हा समज बाळगला तर काय होईल ते सांगणे नको. कारवारजवळच्या चेंडिये गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. त्यासाठी त्यांना परमवीरचक्र लाभले. त्या पराक्रमाला 'वाट काढली' हेच शब्द शोभतात. त्याला 'निर्मूलन' म्हणणे पराक्रम वाढवणारे नाही आणि वस्तुस्थितीला धरूनही नाही.

सैन्याचे आदेश मराठीत निघत नाहीत, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. आदेश मराठीत नसले तरी बातमी, पाठ्यपुस्तक आणि खेड्यातील सूचनाफलक मराठीतच असतात. परिभाषाकोशात 'वाट काढणे' आणि 'रान निंदणे' अशा दोन स्वतंत्र नोंदी हव्यात. शब्दसंग्रहाचे काम हाती घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ग्रंथालयात बसण्यापूर्वी तलासरीच्या खळ्यावर आणि डहाणूच्या बंदरावर क्रियापदे टिपून घ्यावीत; नामे त्यांतून घडवता येतील.